समुद्राला बांबू लावणारा गोमाजी

गोंदियाहून पुरीला जाणाऱ्या गाडीत माझ्या दिरानं बांबू चढवला, तेव्हा डब्यातल्या लोकांना वाटलं की आम्ही कुठंतरी मांडव घालायला चाललो. टीसी आला. त्यानं बांबू खालून वर पाहिला आणि विचारलं, "बाबाजी, ये क्या है?"

गोमाजी म्हणाला, "कान है साहेब."

टीसी माझ्याकडे पाहू लागला. मी खिडकीबाहेर पाहू लागले. माझी जाऊ रुखमा, म्हणजे गोमाजीची बायको, तिनं डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला. शेवटी तो बिचारा "नीचे रखो" म्हणून पुढे गेला.

पण गोमाजी खोटं बोलला नव्हता. तो बांबू त्याचा कानच होता. निदान मागच्या दिवाळीपर्यंत तरी होता.

गोमाजी माझ्या नवऱ्याचा लहान भाऊ. मी लग्न होऊन या घरी आले तेव्हा तो माझ्या कमरेला लागत होता, आता सत्तरीचा झाला. आमचं गाव सानगडीपासून कोसभर. आम्ही ढिवर, मासोळी धरणारे. धानाच्या दोन बांध्या आहेत, पण आमचं खरं शेत म्हणजे गावचा तलाव. जुन्या काळी तो बांधला तेव्हा आतलं जंगल कोणी पुरतं तोडलं नाही म्हणतात. खाली झाडांचे खुंट अजून उभे आहेत. वरून पाणी कसं सारवलेल्या अंगणासारखं दिसते, पण आंधळेपणानं जाळं टाकलं की चिंध्या वर येतात.

म्हणून आमच्या गावात एक रीत आहे. दिवाळी झाली की पहिलं जाळं टाकायच्या आधी गोमाजी डोंगा, म्हणजे लहान होडी, घेऊन एकटा आत जाते. सोबत त्याच्या बापाचा बांबू, गोमाजीच्याच उंचीचा, आतून पोकळ केलेला, चुलीच्या धुरानं काळा झालेला. त्याचं एक टोक पाण्यात सोडते, दुसरं टोक दातांत गच्च धरते आणि डोळे मिटून बसते. तेवढा वेळ पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, कोणी बोलत नाही. बाया धुणं आपटत नाहीत. लेकरं खेळत असली तर कोणीतरी त्यांना हाकलते. मग गोमाजी हात वर करून जागा दाखवते, आणि तिथंच जाळं पडते.

मी एकदा विचारलं होतं, "भाऊजी, काय आयकू येते जी तुमाले?"

"वयनी, सबन आयकू येते. रोहू चरते तं वलं लुगडं झटकल्यावानी. मरळ वर येऊन हवा घेते तं गुप्प करते. अन शिंगटा तं कुरकुरच करते दिवसभर, तुमच्या नंदेवानी."

माझी नणंद म्हणजे त्याची सख्खी बहीण. पण खरं होतं, म्हणून मी हसले.

आता दातांचं सांगते. मागच्या उन्हाळ्यात गोमाजीच्या दाढा ठणकू लागल्या. सात दात उरले होते, तेही हलत होते. सानगडीला दातांचा कॅम्प लागला होता, तिथं रुखमानं त्याला जवळजवळ ओढतच नेलं. डॉक्टरनं सातही काढले आणि पाऊस संपता संपता वरची-खालची पूर्ण कवळी बसवून दिली. गोमाजी एकदम नवरदेव दिसू लागला. दसऱ्यापासून तो हसायचं कारण शोधत फिरत होता. डॉक्टरनं सांगितलं होतं, झोपताना काढायची, बाकी वेळ तोंडातच ठेवायची. जन्मात कोणत्याच डॉक्टरचं न ऐकलेला माणूस, पण हे त्यानं देवाच्या आज्ञेसारखं पाळलं.

दिवाळी झाली. गोमाजी डोंगा घेऊन आत गेला. आम्ही सगळे पाळीवर चूप. घटकाभर वेळ झाला, हात वर होईना. डोंगा इकडून तिकडे गेला. गोमाजी परत बसला. परत उठला. शेवटी काठावर आला तेव्हा त्याचं तोंड पाहून मला वाटलं, आत कोणी मेलेलं दिसलं की काय.

आमच्या मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष टिकाराम पुढे झाला. "का गा काका? कोटी टाकाचं जाळं, कोन्या जागी?"

"कोटीच नाई."

"म्हंजे?"

"तलाव मुका झाला रे. आतमंदी काईच नाई."

पोरांनी त्याचं न ऐकता दोनदा जाळं टाकलं. एकदा फाटलं, एकदा चिखल आणि मूठभर झिंगे आले. मग सगळ्यांनाच पटलं. कोणी म्हणे, धानावरचं फवारणीचं औषध पावसात वाहून आलं. कोणी म्हणे, तलावाला कोणाची नजर लागली. संस्थेनं ठरवलं की माघ पुनवेला तुडूम उघडायचं, म्हणजे तलावाची मोरी मोकळी करून सगळं पाणी सोडून द्यायचं, तळ उन्हात तापू द्यायचा आणि पुढच्या पावसाळ्यात नवं मासोळीचं बीज टाकायचं.

ठरलं सगळं गोमाजीच्या एका शब्दावर. आणि तोच शब्द त्याला खाऊ लागला. आत जुनी मोठाली कतला असतील, आपल्या बापाच्या काळातल्या मरळीची वंशावळ असेल, आणि आपण जिवंत तलावाला मेला म्हणालो असलो तर? तलाव मुका झाला की गोमाजी बहिरा झाला, हेच त्याला कळेना.

रुखमानं भंडाऱ्याला नेऊन कान तपासून आणले. डॉक्टर म्हणाला, या वयात इतके चांगले कान मी पाहिले नाहीत. घरीही तेच. शेजारणीनं हळूच माझ्या कानात सांगितलेली गोष्ट गोमाजी ओसरीवरून ऐके आणि वरून दुरुस्तही करे. म्हणजे कान शाबूत. मग तलाव मेला. पण मनातून त्याला तेही पटेना. "जमिनीवरचा कान येगळा वयनी, पान्यातला येगळा," म्हणे. दिवसभर पाळीवर बसून राहायचा. जेवण अर्ध्यावर आलं. नवे दात असून घास चावेना.

तेवढ्यात गावातले काही जण पुरीला जगन्नाथाच्या दर्शनाला निघाले. गोमाजी, ज्यानं कधी देवळाची पायरी मोजली नाही, तो म्हणाला, "मीबी येतो."

"देवाले?" रुखमानं विचारलं.

"समुद्राले. समुद्र तं मुका नसन ना? त्याले बांबू लावून पायतो. आयकू आलं तं मी चांगला, मंग तलाव मेला. नाई आयकू आलं तं मी मेलो, तलाव जित्ता. मंग टिकारामले सांगतो, तुडूम नोको उघडू बापा."

मला हा हिशेब एकदम पटला. चौथी शिकलेल्या बाईला पटावा इतका सोपा होता. पण घरात माझी नात खुशबू आहे, आणि ती दहावीत आहे, त्यामुळे सोपं काही टिकत नाही. तिच्या शाळेत फेब्रुवारीत विज्ञान दिन होता आणि सरांनी तिला भाषणाला विषय दिला होता, समुद्र खरंच शांत आहे का? ती म्हणाली, "आबाजी, पन समुद्र आतून मुकाच असते. माह्या पुस्तकात लिवलं आहे, खोल पान्यात शांतता राहते."

गोमाजीचा चेहरा पडला. समुद्रच मुका असेल तर परीक्षा कशाची घ्यायची?

दुसऱ्या दिवशी तीच पोरगी मोबाइल घेऊन आली. "आबाजी, थांबा. इथं तं लिवलं आहे का पुस्तक जुनं झालं. समुद्रात गजब आवाज राहते. मासे बोलतात, झिंगे टाळ्या वाजवतात, देवमासा गाते." आणि तिनं काहीतरी लावलं. मोबाइलमधून लाह्या फुटल्यासारखा आवाज आला, मग दूर कुठंतरी गाय हंबरल्यासारखं.

"हे खरं का थे खरं?" मी विचारलं.

"सर म्हनतात दोनी बाजू मांड."

"अवं, समुद्राले दोन बाजू कशा राहतीन? तो एक तं बोलते नाई तं नाई बोलत."

"मलेबी नाई समजून राहिलं आजी. आबाजी, तुमीच आयकून या. मी भाषनात तुमचं नाव घेतो."

तर असा हा गोंधळ डोक्यात घेऊन आम्ही निघालो. माझं डोकं तर शिंगाड्याच्या वेलासारखं गुंतलं होतं. एक दोरा ओढला की दुसरा येत होता. रात्रभर गाडीत मी विचार करत होते, समुद्र मुका आणि भाऊजी बहिरे निघाले तर काय समजायचं? समुद्र बोलका आणि भाऊजींना आलं नाही तर? मग मी विचार करणं सोडलं आणि दशम्या खाल्ल्या.

पुरीला सकाळी पोचलो. बाकीचे गाववाले देवळाकडे गेले. आमचं देवाचं दर्शन नंतर, आधी समुद्र. मी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. खरं सांगते, मुका वगैरे काही वाटला नाही. बाजाराच्या दिवशी सानगडीत जेवढा गलका होत नाही तेवढा एकटा करत होता. मी म्हटलं, "भाऊजी, हा तं गरजून राहिला जी! झाली तुमची परीक्षा."

गोमाजीनं मान हलवली. "हे वरचं आहे वयनी. वाऱ्याचं अन लाटेचं. पाऊस पडला तं आपल्या तलावावरबी आवाज होते, तो का तलावाचा राहते? आतमंदी काय आहे, थे पाहाचं."

धोतर वर खोचून तो गुडघाभर पाण्यात शिरला. रुखमानं मागून त्याच्या धोतराचा सोगा धरला, आणि मी रुखमाचा हात. आम्ही तिघं असे माळेसारखे उभे. आजूबाजूचे लोक आंघोळ सोडून पाहू लागले. गोमाजीनं बांबूचं टोक पाण्यात खुपसलं, दुसरं नव्या दातांत धरलं आणि डोळे मिटले.

एक लाट गेली. दुसरी गेली.

त्यानं डोळे उघडले. तोंडातून बांबू काढला. "काईच नाई," म्हणाला. मग हळूच म्हणाला, "रुखमा, मीच मेलो वं."

रुखमा काही बोलणार, तेवढ्यात तिसरी लाट आली. ती पहिल्या दोघींसारखी नव्हती. तिनं गोमाजीला बसवलं, रुखमाला आडवं केलं आणि माझं लुगडं गळ्यापर्यंत भिजवलं. उठलो तेव्हा बांबू गोमाजीच्या हातात होता, पण त्याचे गाल आत गेले होते.

"दात!" रुखमा ओरडली. "अवं माय, दात गेले! बाई, दात धरा!"

आता समुद्रात दात कसे धरायचे, हे कोणत्याच शाळेत शिकवत नसतील. आम्ही दोघी वाकून रेतीत हात घालत होतो. एक मासोळी विकणारी बाई टोपली ठेवून मदतीला आली. तिची बोली आम्हाला कळेना, आमची तिला. मी माझ्या तोंडाकडे बोट दाखवलं, तिला वाटलं भूक लागली. तिनं काठावरच्या चायवाल्याकडे बोट दाखवलं.

गोमाजी मात्र शोधत नव्हता. तो तसाच पाण्यात उभा होता, बोळक्या तोंडानं. लाजेनं म्हणा, रागानं म्हणा, नाहीतर सवयीनं, त्यानं बांबू परत पाण्यात घातला आणि वरचं टोक हिरड्यांत दाबून धरलं.

आणि तो थांबला. मी त्याला आयुष्यभर डोंग्यात बसलेला पाहिला आहे. त्याचं ते थांबणं मी ओळखते.

बराच वेळ गेला. रुखमानं शोधणं सोडलं. मासोळीवाली बाईसुद्धा चूप झाली, तिला काय समजलं कोण जाणे.

गोमाजीनं बांबू काढला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. दात नसल्यानं त्याचं बोलणं अर्धं हवेत जात होतं. "वयनी, बोलून राहिला. खाली बहुत बोलून राहिला. तडतड तडतड, लाह्याच लाह्या. अन मांगं काईतरी हूं... हूं... करून राहिलं, थे नाई समजलं. रेती आहे, का मासोळी, का कोनाची बोट. याची बोली येगळी आहे."

मी म्हटलं, "मंग चांगलं झालं ना जी! तुमी चांगले."

"चांगलं?" तो म्हणाला आणि मटकन ओल्या रेतीवर बसला. "मी चांगला, तं तलाव मेला ना वयनी. आपला तलाव खरंच मेला."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. समुद्र बोलला म्हणून मी खूश, आणि त्याच्यामुळेच आमचा तलाव मेला! आम्ही तिघं तिथं बसलो. समोर एवढा मोठा समुद्र बोलत होता आणि आम्ही घरच्या पाण्यासाठी सुतक धरल्यासारखे.

मग रुखमा बोलली. रुखमा कमी बोलते. ती लुगड्याचा काठ पिळत होती, पिळता पिळता म्हणाली, "पन पयल्यांदा तं नाई आलं ना आयकू?"

"नाई आलं."

"अन मंग आलं."

"हो."

"मधात काय झालं? दातच गेले ना?"

गोमाजीनं जिभेनं हिरड्या चाचपल्या.

"तलावावर गेल्ते तवा दात होते तोंडात," रुखमा म्हणाली. "नवे. मीच बसवाले लावले."

गोमाजीनं आपल्या गालाला हात लावला, मग बांबूला, मग परत गालाला. "पन दातानंच तं आयकतो मी," तो म्हणाला. "बाबा दातानं आयके, मी दातानं आयको. दात नवे आले तं जास्त आयकू याले पायजे ना?"

"थे तुमचे दात कोटी होते? थे तं डाक्टरचे होते."

हिरडीखालच्या हाडातून आवाज जाते आणि कवळीच्या प्लास्टिकनं अडते, असं खुशबूनं नंतर सांगितलं. खरं असेल. पण तिनंच समुद्र मुका आहे हेही सांगितलं होतं, म्हणून मी निम्मंच धरलं. त्या वेळी मात्र गोमाजी ताडकन उठला. "पुनव कवा आहे?"

चार दिवसांवर होती. त्यानं काठावर पिशवीत ठेवलेल्या माझ्या मोबाइलवरून टिकारामला फोन लावला. "टिकाराम, तुडूम नोको उघडू! मी येतो!"

तिकडून टिकाराम ओरडत होता, "काका, तोंडात काय आहे तुमच्या? काईच समजून नाई राहिलं! काय नोको?"

"तोंडात काई नाई, म्हनूनच तं सांगतो!"

शेवटी फोन मी घेतला आणि आम्ही येईपर्यंत थांब म्हणून सांगितलं. देवाचं दर्शन आम्ही कसंबसं धावत धावत घेतलं. जगन्नाथाचे डोळे एवढे मोठे, त्याला सगळं दिसलं असेलच.

पुनवेच्या आदल्या दिवशी गोमाजी डोंगा घेऊन आत गेला. पाळीवर सारं गाव. चूप. त्यानं बांबू सोडला आणि हिरड्यांत धरला. घटकाभर काहीच नाही. मग हात वर झाला, पण अर्धाच. परत खाली. डोंगा थोडा सरकवला, परत हात. असं तीनदा.

काठावर आल्यावर टिकारामनं विचारलं, "का काका? आहे का नाई?"

"बोलून राहिला. पन बोली बदलली. पयले मी दातानं आयकत होतो, आता हिरडीनं. सबन जाडं जाडं येते. मले पक्कं नाई सांगता येत बापा."

"मंग टाकू का नोको?"

गोमाजीनं बांबू रुखमाकडे दिला. मग म्हणाला, "टाक. मोहाच्या झाडाच्या समोर. फाटलं तं मी शिवून देतो."

जाळं मोहाच्या समोर पडलं. ओढलं तर हलकं. रुखमा डोळे मिटून उभी होती. पोरं जाळं गोळा करत डावीकडे सरकली, तेवढ्यात कोणाच्या तरी हाताला झटका बसला. मग दुसऱ्याच्या. पाच जण लागले ओढायला. कतला होती, रोहू होती, आणि एक मरळ, माझ्या मांडीएवढी, जाळ्यातून अशी पाहत होती जशी घरधनी चोराला पाहते. जाळं दोन ठिकाणी फाटलं. गोमाजीनं दुसऱ्या दिवशीच शिवून दिलं.

तुडूम उघडलं नाही.

टिकाराम अजून म्हणतो, काकानं दाखवलेल्या जागेवर तर काही नव्हतं, बाजूला होतं. गोमाजीलाही विचारलं तर तो खांदे उडवतो. खरंच ऐकू आलं की जुन्या सवयीनं हात वर झाला, त्याला स्वतःला सांगता येत नाही. खुशबूनं भाषणासाठी विचारलं, "आबाजी, आता एक सांगा. समुद्र शांत आहे का नाई?" तर म्हणाला, "लिव, आमच्या गावच्या गोमाजीले एकदा आयकू आलं. काय आलं थे त्याले समजलं नाई." पोरीनं तसंच लिहिलं. दुसरा नंबर आला. पहिला कोणाचा आला आणि त्यानं काय सांगितलं, ते मी विचारलं नाही. परत डोकं गुंतायचं.

मीही एकदा पाळीवरून बांबू लावून पाहिला. माझे वरचे दोन आणि खालचे तीन दात अजून घरचे आहेत. काहीतरी आलं खरं. तलाव होता की माझंच रक्त वाहत होतं, कोण सांगेल?

कॅम्पवाल्या डॉक्टरनं गोमाजीला नवी कवळी बनवून दिली आहे. ती घालून तो लग्नात हसतो आणि भाकरही खातो. पण डोंग्यात चढायच्या आधी कवळी काढतो, पाण्यात बुडवून धुतो आणि रुखमाच्या हातात देतो. रुखमा ती पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवते. आता आमच्या गावात लेकरांनाही माहीत आहे. रुखमाच्या पदराला गाठ दिसली, की पाळीवर कोणी ओरडायचं नाही.